मी चाखलेला दुधी

आमच्या प्रयोगशाळेत माझ्या जिभेला मान आहे. दहा कप पाण्यातल्या एकाच कपात कडू औषधाचा थेंब टाकलेला असला, तरी तो कप मी पहिल्या घोटात वेगळा काढते आणि सहसा चुकत नाही. घरी मात्र याच जिभेचा सगळ्यांना धाक आहे. आई म्हणते, "कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच." हे ती माझ्या स्वयंपाकाबद्दल म्हणत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

नवलाख उंबऱ्याच्या शिवारात, एमआयडीसीच्या एका कडेला आमची कंपनी आहे. औषधांचा कडूपणा मारणं हा आमचा धंदा. लहान मुलांची पातळ औषधं, चघळायच्या गोळ्या, तोंडात विरघळणाऱ्या पुड्या, अशा सगळ्यांचा. पूर्वी हे काम साखर आणि संत्र्याचा वास घालून व्हायचं. पण साखरेने कडू जात नाही, झाकलं जातं, आणि झाकण कुठेतरी उघडं राहतंच. आम्ही झाकत नाही. कडूपणा जिभेला कळायच्या आधीच अडवायचा, असं आमचं काम आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

त्यासाठी आमच्याकडे माणसाच्या चवीच्या पेशी आहेत. कुणीतरी संमतीने जिभेच्या शेंड्याचा तिळाएवढा तुकडा दिलेला असतो. त्यातल्या पेशी वेगळ्या काढून वाढवतात. आमच्यापर्यंत आल्या त्या कुणाच्या जिभेवरच्या, ते मला माहीत नाही. अंगाला असते तेवढ्या उबेत त्या कपाटात राहतात आणि दर दुसऱ्या दिवशी त्यांचं खाणं बदलावं लागतं, मग रविवार असो की दिवाळी. शहाण्णव बारीक खळगे असलेल्या ताटलीत त्यांना मांडायचं, एक रंग पाजायचा आणि वरून कडू द्रव्याचा थेंब सोडायचा. कडू कळलं की पेशी हिरव्या चमकतात. तेच कडू, पण सोबत आमचं एखादं संयुग घातलं आणि खळगा काळा राहिला, तर समजायचं की त्या संयुगाने कडूला दारातच अडवलं.

दार म्हटलं, पण दारं पुष्कळ असतात. कडू ओळखायला माणसाच्या जिभेला पंचवीसेक वेगवेगळी दारं आहेत. कारल्याचं वेगळं, कॉफीचं वेगळं, एकेका औषधाचं वेगळं. काही द्रव्यं दोन-तीन दारांतून एकदम आत येतात. म्हणून आमची बहुतेक संयुगं एक दार लावून घेतात आणि दुसऱ्यापुढे हात टेकतात. अडतीस नंबरचं संयुग मात्र तसं नव्हतं. ताटलीत ते घातलं की ओळीच्या ओळी काळ्या पडायच्या. ते मी शोधलं होतं. म्हणजे शोधलं आमच्या चौघींनी, पण ताटली माझ्या हातात होती.

अडतीस नंबरची मला एवढी घाई का होती, हे सांगायचं तर आबांकडे यावं लागेल.

आबा म्हणजे माझे वडील. देहूरोडच्या डेपोत आयुष्यभर नोकरी केली आणि निवृत्तीनंतर कामशेतकडच्या आमच्या गावात घरामागच्या जमिनीत भाजीपाला करू लागले. तीन वर्षांपूर्वी ते पाण्याच्या टाकीवरून पडले. डोक्याला मार लागला आणि तेव्हापासून त्यांना फिट येऊ लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, जन्मभर. एकही चुकवायची नाही, हे तीनदा बजावलं.

अडचण अशी की आबांना गोळी गिळता येत नाही. सत्तर वर्षांत कधी आली नाही. घशाशी गेली की ती परत येते आणि सोबत जेवणही आणते. डॉक्टरांनी सांगितलं, ही गोळी कुटून घेतली तरी चालेल. मग आई दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पूड करायची. ती पूड मी एकदा जिभेला लावली आहे. माझा धंदाच कडू चाखायचा, तरी मी उठून बेसिनकडे गेले.

आबांनी पूड तोंडात घ्यायची, मान हलवायची आणि मागच्या दारी जाऊन कढीपत्त्याच्या बुडाशी थुंकायची, अशी पद्धत बसवली. आईला वाटायचं, ते हात धुवायला जातात. एका दुपारी ते विहिरीपासून दहा पावलांवर वाफ्यात फिट येऊन पडले. पाणी धरायला आलेल्या शेजारच्या भाऊंनी पाहिलं म्हणून वाचले. दहा पावलं अलीकडे पडले म्हणून वाचले, असंही म्हणता येईल. आई त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली आणि मग रडत बसली.

मी आबांना समोर बसवलं. म्हटलं, "आबा, हे असं चालायचं नाही."

"लय कडू हाय गं," ते म्हणाले. "दिवसभर तोंड कडू ऱ्हातं. भाकरी कडू, च्या कडू. जगायचं कशाला मग?"

हे त्यांनी सहज म्हटलं, आणि मला ते अजिबात सहन झालं नाही. मी म्हणाले, "एक वर्ष गोळी घ्या. न थुंकता घ्या. वर्षात मी तिचा कडूपणा काढून दाखवते."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी असं काही बोलले की ती नेहमी पाहते तसंच. पण आबांनी विचार केला आणि मान डोलावली. "तू म्हन्तीस तर घेतो," ते म्हणाले. आणि खरोखर घ्यायला लागले. पुडी घेतली की तोंडातली चव घालवायला वर पेलाभर दुधीचा रस, हा रिवाजही त्यांनीच पाडला. दुधी मागच्या मांडवावरचाच, किसून पिळलेला, त्यात पुदिना, जिरं, मीठ. गोडसर, थंड. तेवढ्यासाठी पुडी सोसायचे.

दुधीबाबत आमच्या घरात एक नियम आहे. मावळात बहुतेक घरांत असेल. काकडी असो, दोडका असो, दुधी असो, देठाकडची चकती चाखल्याशिवाय पुढे चिरायचं नाही. जी विळीवर बसेल तिने चाखायचं. कडू लागला तर अख्खा उकिरड्यावर, मग कितीही मोठा असो. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून आईने मला हे करायला लावलं आहे. कडू चाखण्याची नोकरी मला मिळाली, त्याचं शिक्षण त्या विळीवर झालं, असं मी मुलाखतीतही सांगितलं होतं.

आता अडतीस नंबरकडे.

पेशींवर पास झालेलं संयुग एकदम औषधात जात नाही. आधी ते सुरक्षित आहे का, हे दुसरी माणसं तपासतात. त्यातून निघालं तरच माणसाच्या जिभेशी गाठ. आमच्याकडे त्यासाठी दहा जणींचं मंडळ आहे. बहुतेक पॅकिंग विभागातल्या, नवलाख उंबऱ्याच्याच बायका, कारण त्यांच्या जिभा आम्हा शिकलेल्यांपेक्षा चांगल्या निघाल्या. संयुगाच्या पाण्याने चूळ भरायची, थुंकायची, मग थोड्या थोड्या वेळाने कडू पाण्याचे कप चाखायचे आणि कागदावर किती कडू ते मांडायचं. कप चाखूनही थुंकायचंच, गिळायचं काही नाही.

अडतीस नंबरने तिथेही बाजी मारली. आबांच्या गोळीचं पाणी बायकांना साधं पाणी वाटलं. एकीने विचारलं, "ताई, ह्यात काय टाकलं तरी हाय का?" मी त्या दिवशी घरी जाताना सबंध रस्ता हसत होते.

आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी अहवाल वाचून एकच विचारलं, "किती वेळ टिकतं?"

"दीड तास, मॅडम. मग पूर्ण उतरतं."

हे मी ठासून सांगितलं होतं आणि लिहूनही दिलं होतं. आता खरं सांगते. चूळ चार वाजता, शेवटचा कप सव्वापाचला. सव्वापाचच्या कपाला कडूपणा निम्म्याने परत आलेला असायचा. साडेपाचला कंपनीची बस सुटते. ती चुकली तर एमआयडीसीतून बाहेर पडायला वाहन नाही, म्हणून सव्वापाचला सगळ्या जणी पदर खोचून निघायच्या. निम्मा परत आलाय तर उरलेला पंधरा मिनिटांत येणार, असा मी हिशोब लावला. बस गेल्यावर जिभांचं काय होतं, ते कुणी पाहिलंच नव्हतं.

चैत्रात नवलाख उंबऱ्याची जत्रा होती. त्या दिवशी मंडळातल्या सहा जणी आल्याच नाहीत. येणार नव्हत्याच, मलाच ते आधी लक्षात यायला हवं होतं. तारीख पुढे ढकलता आली असती. पण मॅडमना शुक्रवारी आकडे द्यायचे होते आणि मी म्हटलं, मी आहे ना. त्या दुपारी मी एकटीने तीन फेऱ्या केल्या. तीनदा चूळ भरली, तीनदा कप चाखले. एका दिवसात एकीने एकच फेरी करायची असा नियम होता, तोही मीच लिहिला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांना पाहूनच म्हणत असावेत.

त्याच आठवड्यात आई लोणावळ्याला मावशीकडे गेली होती. मावशीच्या सुनेचं बाळंतपण होतं. म्हणून कामावरून सुटल्यावर मी तळेगावच्या माझ्या घरी न जाता आबांकडे जायचे, त्यांचं संध्याकाळचं बघायचे आणि मुक्काम करायचे. जत्रेच्या दिवशीही तशीच गेले. आबा मांडवाखाली बसले होते. विहिरीवरची मोटर आठ दिवस बिघडलेली होती आणि दुधीचा वेल पाण्याविना मलूल झाला होता. तरी त्यांनी त्यातला एक दुधी माझ्यासाठी काढून ठेवला होता.

मी विळी घेतली. देठाकडची चकती कापली, तोंडात टाकली, चावली. गोडसर लागली, थोडी पाणचट. मला आठवतं, मी ती पूर्ण चावून गिळलीसुद्धा. मग अर्धा दुधी किसला, पिळला, पुदिना-जिरं वाटून घातलं, मीठ घातलं आणि चमचाभर पिऊन मीठ बघितलं. मीठ बरोबर होतं. जीभ बधिर झाली असती तर मला तेव्हाच कळलं असतं. पण मीठ मीठच लागत होतं, पुदिना पुदिनाच. फक्त एक चव कमी होती, आणि नसलेली चव कशी ओळखणार?

आबांनी पुडी घेतली, तोंड वाकडं केलं आणि पेला उचलला. एक घोट घेऊन ते थांबले. पेल्यात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"चाखलास ना दुधी?"

"चाखला की. तुमच्या लेकीची जीभ आहे, आबा. कंपनी पगार देते तिचा."

ते हसले आणि उरलेला पेला एका दमात प्याले.

अर्ध्या तासाने ते पोट धरून बसले. पाऊण तासात उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या उलटीत रक्त दिसलं. मी शेजारच्या भाऊंना हाक मारली, त्यांनी गाडी काढली आणि आम्ही आबांना तळेगावच्या दवाखान्यात नेलं. गाडीत त्यांचा हात गार पडला होता. मी तो दोन्ही हातांनी चोळत होते आणि माझ्याही पोटात कळा येत होत्या. त्या मी भीतीच्या समजले.

तरुण डॉक्टर होते. त्यांनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं आणि काय खाल्लं ते विचारलं. दुधीचा रस म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. "दुधी कडू होता का?"

"नाही," मी म्हणाले.

"नक्की? कडू दुधीत विष असतं. नेमकं असंच होतं त्याने."

"डॉक्टर, दुधी मी स्वतः चाखला आहे. मी चवीच्याच प्रयोगशाळेत काम करते. कडू असता तर मला कळलंच असतं."

मी हे थोडं चढ्या आवाजात म्हटलं. त्यांनी आबांना विचारलं. आबांनी डोळे न उघडता मान हलवली. "न्हाई. गोड हुता."

डॉक्टरांनी मात्र आबांना तिथेच ठेवून घेतलं आणि दर थोड्या वेळाने रक्तदाब बघायला नर्स बसवली. ते माझ्या शब्दावर विसंबले नाहीत, याचे उपकार मी अजून मानते.

सकाळी आबांचा रक्तदाब थोडा सावरला. त्यांचे कपडे आणायला मी गावी आले. ओट्यावर उरलेला अर्धा दुधी तसाच पडला होता, कापलेली बाजू वाळून पिवळी झालेली. मी विळीसुद्धा घेतली नाही. नुसता तुकडा मोडला आणि चावला.

इतकं कडू मी आयुष्यात काही चाखलेलं नाही. कानशिलापर्यंत गेलं. मी थुंकले, चूळ भरली, पुन्हा भरली. मग ओट्याला टेकून खाली बसले. आदल्या दिवशी हीच चकती मी चावून गिळली होती आणि गोड म्हणून सांगितली होती. लेकीची जीभ, कंपनी पगार देते. माझेच शब्द मला ऐकू येत होते आणि मी तिथे बसून मोठ्याने रडले. घरात कुणी नव्हतं, ते बरं झालं.

मग उठून डॉक्टरांना फोन केला. "दुधी कडू होता. काल माझी जीभ काम करत नव्हती."

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले.

दवाखान्यात आबा उठून बसले होते, तोंड उतरलेलं, पण डोळे ताळ्यावर. मी खुर्ची ओढली. "आबा, काल पहिल्या घोटाला तुम्ही थांबलात. कडू लागलं ना?"

"लागलं."

"मग प्यालात कशाला?"

त्यांना हा प्रश्नच विचित्र वाटला. "तू चाखला हुतास. मंग म्हनलं, माजंच तोंड कडू. त्या पुडीनं झालं आसंल."

त्यांच्या जिभेने त्यांना बरोबर सांगितलं होतं. ती जे काम करायला आहे ते तिने चोख केलं होतं. आणि त्यांनी तिला खोटं ठरवलं, माझ्यासाठी.

दुपारी आई लोणावळ्याहून आली. तिला सगळं सांगितलं. ती आबांजवळ बसली, मला म्हणाली, "तुजं जे काय असंल ते कामावर जाऊन निस्तर." मी उरलेला दुधी डब्यात भरला होताच. तो घेऊन कंपनीत गेले.

वाटेत एक विचार आला, तोही लिहिते, कारण तो आला होता. दुधीचं कुणाला काही सांगायलाच नको. जत्रेच्या दिवशी मी नियम मोडला म्हणून झालं. एकदाच चूळ भरली असती तर काही झालं नसतं. अडतीस नंबर पुढे जाईल, दोनेक वर्षांत औषधात येईल आणि आबांना दिलेला शब्द उशिरा का होईना, खरा होईल. याच्यासारखं दुसरं संयुग आमच्याकडे नव्हतं. रिक्षा एमआयडीसीच्या फाट्याला वळेपर्यंत हा विचार माझ्याबरोबर बसला होता.

मग मला दुसरा कुणी आबा दिसला. औषध घेतलेला, अडतीस नंबरने तोंड गोड झालेला, समोर दुधीचा पेला असलेला. त्याच्याकडे तर पहिल्या घोटाला थांबायलाही कारण नसणार.

मी मॅडमच्या टेबलावर डबा ठेवला आणि सगळं सांगितलं.

"अहवालात दीड तास कुणी लिहिलं?"

"मी."

"पाहिलं होतंस?"

"नाही. बस होती."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ताटली लाव," म्हणाल्या.

त्या दुधीचा रस गाळून, पाणी घालून, पुन्हा पाणी घालून अगदी पातळ केला. एका ओळीत नुसता रस, खालच्या ओळीत रस आणि अडतीस नंबर. वरची ओळ अशी पेटली की मशीनला ती मोजता येईना, आणखी पातळ करावा लागला. खालची ओळ काळी. बारा खळगे, एकातही ठिपका नाही. कुणाच्या तरी जिभेवरच्या त्या पेशी समोर विष असताना गप्प बसल्या होत्या, आणि गप्प मी बसवल्या होत्या. एरवी अशी काळी ओळ दिसली की मी खुर्चीवरून उठून सगळ्यांना दाखवायचे.

"हे बंद करू या," मी म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "तुझ्या वडिलांच्या गोळीसाठी हेच सगळ्यात चांगलं होतं."

"हो. म्हणूनच मी लिहिते अहवाल. दुसऱ्या कुणाला लिहू देऊ नका."

तो अहवाल मी त्याच दिवशी लिहिला. जत्रा, तीन फेऱ्या, बस, सगळं त्यात आहे. त्यानंतर आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या. कुठलंही नवं संयुग पेशींवर पास झालं की दुसऱ्या ताटलीत ते नापास व्हावं लागतं: कडू दुधी, कडू बदाम, अशा विषारी कडूंच्या ओळी त्यानंतरही पेटल्याच पाहिजेत. आम्हाला हव्या त्या औषधाचं दार लावायचं, बाकीची उघडी ठेवायची. हे अवघड आहे, पुष्कळ अवघड आहे, पण करता येतं. आज आमच्याकडे असं एक संयुग आहे. अडतीस नंबरच्या निम्मंसुद्धा काम करत नाही, पण जेवढं करतं तेवढं प्रामाणिकपणे करतं, आणि मी त्याच्या मागे हात धुऊन लागले आहे.

दुसरी गोष्ट बायकांनी सुचवली. चाखायच्या दिवशी घरी जाण्याआधी प्रत्येकीने साध्या कडू पाण्याचा एक कप घ्यायचा. तो कडू लागला तरच बाहेर पडायचं, नाहीतर बसून राहायचं. त्या दिवशी बस दीड तास उशिरा सुटते आणि ड्रायव्हर कुरकुर करतो. बायका त्या कपाला तिकीट म्हणतात. "ताई, माजं तिकीट फाटलं बरं का," असं तोंड वेडंवाकडं करत सांगतात.

आबा पाचव्या दिवशी घरी आले. थोडं हिंडू-फिरू लागल्यावर मी त्यांना मांडवाखाली बसवून सगळं नीट सांगितलं. अडतीस नंबर काय होतं, त्याने माझी जीभ कशी बंद पाडली होती, आणि ते मी बंद केलं तेही. वर्षाचा शब्द पाळता येणार नाही, अजून वेळ लागेल, तोवर पुडी कडूच राहणार, हेही सांगितलं. ते सांगताना माझी मान खाली होती. ते पुन्हा कढीपत्त्याकडे जायला लागतील, ही भीती होती. त्यांनी जायचं ठरवलं असतं तर मी कुठल्या तोंडाने अडवणार होते?

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी त्या दिशी माजं तोंड बराबर हुतं?"

"एकदम बरोबर होतं."

"हे तुज्या आईला सांग. ती म्हन्ती, मला चवच कळत न्हाई."

आतून आईने पुडी आणून दिली. आबांनी ती तोंडात टाकली, डोळे घट्ट मिटले, पाणी प्याले आणि जागचे हलले नाहीत. मी बघत राहिले. तोंडावरच्या आठ्या जायला वेळ लागला, पण ते बसून राहिले.

मला एकदम राग आला, त्यांचा की माझा, कळलं नाही. मी म्हणाले, "आबा, एक गोष्ट ऐका. इथून पुढं ही पुडी सोडून काहीही कडू लागलं की थुंकायचं. कुणी काही सांगू दे. मी सांगितलं तरी थुंकायचं. माझ्यावर भरवसा ठेवायचा नाही."

"ते काय जमायचं न्हाई."

"का जमायचं नाही? मरता मरता वाचलात."

"तू सांगितल्यावर मी कशाला बघू?" आबा म्हणाले. "मी तर पिनारच. तू नीट चाखत जा."